तुमचा लाल, माझा लाल आणि पिवळ्याची जुळवणी

‘तुला दिसतो तोच लाल मला दिसतो का?’ हा वाद बहुतेक वेळा ‘कळायला मार्गच नाही’ इथे येऊन थांबतो. मार्ग आहे, अर्ध्यापर्यंतच जातो, पण आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी तो १८८१ मध्ये दाखवला आणि ॲनोमॅलोस्कोप नावाचं रंगदृष्टी तपासायचं यंत्र आजही त्यावरच चालतं.

यंत्राच्या नळीतून एक छोटी चकती दिसते, मधोमध कापलेली. खालच्या अर्ध्यात ५८९ नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा. वरच्या अर्ध्यात सुमारे ६७० चा लाल आणि ५४६ चा हिरवा यांचं मिश्रण. एका बटणाने मिश्रणाचं प्रमाण बदलतं, दुसऱ्याने पिवळ्याचा उजेड. समोरच्याला ‘कोणता रंग दिसतो?’ असं अजिबात विचारायचं नाही. विचारायचं एवढंच : दोन्ही अर्धे सारखे दिसतात का? रंगांधळा माणूसही ‘टोमॅटो लाल, पान हिरवं’ हे लहानपणीच पाठ करतो, त्यामुळे नावांवरून काहीच पकडता येत नाही.

चूक होते ती टक लावून बघत बसल्यामुळे. डोळा त्या रंगाला सरावतो आणि जुळवणी सरकत जाते. म्हणून काही सेकंद बघायचं, मग पांढऱ्या पडद्याकडे नजर वळवायची, मग पुन्हा. दुसरं म्हणजे, एक जुळवणी मिळाली की थांबायचं नाही. कुठपासून कुठपर्यंत ‘सारखं’ वाटतं, ती दोन्ही टोकं शोधायची. सामान्य दृष्टीच्या माणसाचा पट्टा अरुंद असतो. डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात : आखूड, मध्यम आणि लांब तरंगलांबीच्या. मध्यम तरंगलांबीच्या शंकूपेशी ज्याच्याकडे नाहीत, तो निव्वळ हिरव्यापासून निव्वळ लालपर्यंत सगळंच पिवळ्याशी जुळलं म्हणतो. लांब तरंगलांबीच्या शंकूपेशी नसतील तरी तो सगळं जुळवतो, पण मिश्रणात लाल वाढेल तसा त्याला पिवळा मंद करावा लागतो.

यातलं गणित जर्मन गणितज्ञ ग्रासमान यांनी १८५३ मध्ये मांडलं. दोन जोड्या जुळत असतील तर त्यांच्या बेरजाही जुळतात. दोन्ही बाजूंचा उजेड दुप्पट केला तरी जुळवणी टिकते. बेरीज आणि पट आले म्हणजे गणितातलं सदिश अवकाश (व्हेक्टर स्पेस) आलंच. प्रकाशाच्या वर्णपटात अगणित मोकळ्या मिती असतात, डोळा त्यांतल्या तीनच राखतो. म्हणून भौतिकदृष्ट्या वेगळे प्रकाश हुबेहूब एकच दिसतात. ५०० नॅनोमीटरचा निळसर हिरवा मात्र लाल-हिरव्या-निळ्याच्या मिश्रणातून निघतच नाही. लाल त्याच्याच बाजूला टाकावा लागतो, म्हणजे समीकरणात तो ऋण होतो. १९३१ च्या आंतरराष्ट्रीय रंगमापनात ही ऋण संख्या गणिती रूपांतराने घालवली. ते अख्खं मापन १७ जणांच्या डोळ्यांवर उभं आहे, आणि आपले स्क्रीन अजून त्याच सरासरीवर चालतात!

आता मूळ वादाकडे. कुणाच्या अनुभवात सगळे रंग उलटे लागले असतील, तर ते पकडता येईल का? रंगांचं अवकाश सममित असतं तर नसतं आलं. पण ते बऱ्यापैकी वेडंवाकडं आहे. सर्वांत शुद्ध, पांढऱ्याची भेसळ नसलेला पिवळा उजळ असतो, तसाच शुद्ध निळा मात्र उजळ नसतो. पिवळ्याची उजळी आजूबाजूच्यापेक्षा कमी केली की तो तपकिरी होतो. निळा कमी केला तरी निळाच राहतो. पिवळ्या-निळ्याची सरळ अदलाबदल ही नाती मोडते, आणि मोडलेलं नातं ‘यातला उजळ कोणता?’ अशा साध्या प्रश्नांत उघडं पडतं. अर्थात नाती तंतोतंत जुळली म्हणून आतला अनुभव एकच, हे गणितातून निघत नाही. गणिताने चेतनेचा उलगडा झाला असं कुणी म्हणालं, तर याच पायरीवर त्याला अडवावं.

माझ्या मते त्याहून रंजक अडचण खालच्या पायरीवर आहे. लांब तरंगलांबीच्या शंकूपेशींतल्या प्रथिनात १८० व्या जागी काहींना सेरीन हे अमिनो आम्ल असतं, काहींना ॲलनीन. एवढ्याने त्या पेशींची संवेदना काही नॅनोमीटर सरकते. दोघेही रंगांधळेपणा तपासणारी इशिहाराच्या ठिपक्यांची चाचणी आरामात पास होतात. पण ॲलनीनवाल्याला रेलेच्या जुळवणीत लाल थोडा जास्त लागतो, आणि त्याने ‘अगदी सारखं’ म्हणून सोडलेली चकती सेरीनवाल्याला वरच्या अर्ध्यात तांबूस दिसते.