जाऊबाईंची गोळी मला का चालत नाही

मे महिन्यात नागपुरात घाम सगळ्यांनाच येतो. पण वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर झोपूनही छातीपासून कानांपर्यंत आग उठते, गाऊन ओलाचिंब होतो आणि लगेच हुडहुडी भरते, तो घाम उन्हाचा नव्हे. पाळी जातानाच्या या वाफांनी माझी झोप पार उडवली.

मोठ्या जाऊबाईंनी मायेनं त्यांची हार्मोनच्या गोळ्यांची स्ट्रिपच पुढे केली. "माह्याच गोळ्या घेऊन पाह्य." भिशीतल्या बायका म्हणाल्या, "नको वं बाई, त्यानं कॅन्सर होते." मला दोन्ही पटेना, म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टर मॅडमना गाठलं.

त्यांचा पहिलाच प्रश्न, "पिशवी आहे की काढली?" सगळं तिथेच ठरतं. जाऊबाईंची गर्भपिशवी काढलेली, म्हणून त्यांना नुसतं इस्ट्रोजेन हे हार्मोन चालतं. माझी आहे. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर तिचं अस्तर जाड होत जातं आणि पिशवीच्याच कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून मला जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध हवं, आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका मुख्यतः या जोडीनं वाढतो.

किती? अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा जोडगोळीचा अभ्यास २००२ मध्ये मध्येच थांबवला. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना कॅन्सर, खरी घेणाऱ्यांत ३८. त्यांचं सरासरी वय ६३, मी अजून पन्नाशीच्या आत. नुसत्या इस्ट्रोजेनच्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. मात्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१९ चा हिशेब जास्त कडक आहे. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज जोडी घेतली, तर सत्तरीपर्यंत दर ५० जणींमागे एक जास्तीचा कॅन्सर. नुसत्या इस्ट्रोजेननं २०० मागे एक. आकडे पाश्चात्त्य देशांतले, तरी हा एक आकडा मला छोटा वाटत नाही. माझ्या मावशीला साठीनंतर गाठ निघाली होती. काखेत हात घालून ती तपासत बसायची, ते मी पाहिलंय.

मॅडमनी मावशीचं सगळं नीट लिहून घेतलं, मॅमोग्राफी करवली. मग दंडाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, कमीत कमी मात्रेत. दरवर्षी परत बसून ठरवायचं, चालू ठेवायचं की नाही. मी सुरू केलंय, कारण झोपेवाचून दिवस निघत नव्हता.

स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर हे उपचार सहसा देत नाहीत. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत, ती मागून घ्या. आणि जावेची, बहिणीची, कोणाचीच स्ट्रिप उचलू नका.