दोरी

जेवणं झाली, भांडी पालथी पडली आणि घर झोपलं. आमच्या अंत्रुजात, म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागात, दुपारी दोन ते चार जागं राहणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, कुत्री वृंदावनाच्या सावलीला आडवी, आणि या वेळात फोन वाजलाच तर तो गोव्याबाहेरचा हे न बघताच कळतं. निवृत्त झाल्यापासून माझी दुपारची झोप कुठे गेली कोण जाणे. लोकांची वाढते म्हणतात. मी आपला मागच्या पडवीत शब्दकोडं घेऊन बसतो.

समोर कपड्यांची दोरी. त्या दिवशी तिच्यावर काकीचं लुगडं, माझे दोन लेंगे आणि मधोमध भाचीचा पांढरा टी-शर्ट, उलटा टांगलेला. त्यावर चार जाड काळ्या पट्ट्या शेजारी शेजारी, एक खाली, एक वर. मला वाटलं मोबाईलच्या नेटवर्कची जाहिरात असावी. आमच्या पडवीत चार काड्या कधी दिसत नाहीत, टी-शर्टवर दिसल्या तेवढ्याच.

भाचीही जागीच होती. मुंबईला नोकरी, त्यामुळे तिचीही दुपारची सवय मोडलेली. विचारलं तर हसली. "नेटवर्क नव्हे मामा. बॅण्डची खूण आहे, ब्लॅक फ्लॅग. तो फडकणारा काळा झेंडा आहे." झेंडा म्हणे! मी मान तिरकी करून पाहिलं. दोरीवर वारा आला आणि तेवढ्यापुरतं पटलं.

मग तिने इयरफोनचं एक बोंडूक माझ्या कानात घातलं, दुसरं तिच्या. एका वायरीत दोघे, गाडीच्या एका सीटवर बसल्यासारखे. "मामा, तुका हें आवडचें ना हां," असं आधीच सांगून टाकलं. आणि मग वखारीतले सगळे पत्रे एकदम कोसळले. त्या पत्र्यांखाली सापडलेला एक पोरगा जिवाच्या आकांताने ओरडत होता. हे आहे तरी काय, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि सगळं थांबलं.

"संपलं?"

"संपलं."

"नक्की?"

"46 सेकंदांचं आहे," ती म्हणाली. हा बॅण्ड दुसरा, वॉशिंग्टनचा, मायनर थ्रेट, आणि गाणं 1981 चं. या प्रकाराला हार्डकोर म्हणतात, म्हणजे पंक रॉकचाच आणखी वेगवान, आणखी कर्कश अवतार. मी म्हटलं, परत लाव.

आता एक कबुली द्यायला हवी. आमच्या भागात ती देणं धोक्याचं. अलीकडे मंगेशी, पलीकडे केरी, कुठल्याही देवळाच्या पायरीला पाय लागला तर तिथे कोणीतरी थोर गायक जन्मलेला. अशा मातीत वाढून मला ख्याल ऐकायचा धीर नाही. बैठकीत मी शेजाऱ्याच्या मानेकडे बघून मान हलवतो. विलंबित सुरू झालं की माझं लक्ष पंख्याकडे जातं. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून आकाशात गेली, तिचा मला खराखुरा अभिमान आहे, आणि ती साडेतीन मिनिटांची आहे हे त्यातलं एक कारण आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. ज्याने कोणी ती तबकडी एवढीच केली त्याचं भलं होवो.

याचं मूळ कुठे आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी पाचवीत होतो. देवळाच्या उत्सवातलं संगीत नाटक, पालखी आत गेल्यावर सुरू होणारं आणि उजाडता उजाडता संपणारं. बाबा प्रॉम्प्टर. ते उजव्या विंगेत कंदिलाशी वही धरून बसत, आणि त्यांच्यामुळे पडद्याची दोरी माझ्याकडे आली. केवढा मान! पडदा वर गेला की दोरी खिळ्याला दोन वेढे घालून अडकवायची, बाबांनी बॅटरी एकदा लावून विझवली की वेढे सोडायचे, आणि खालच्या बांबूच्या वजनाने पडदा आपोआप उतरायचा. उतरताना दोरी हातातून हळूहळू सोडायची, नाही तर बांबू आपटतो. काम एवढंच. पण वर्गातल्या सगळ्या मुलांनी मला विचारलं होतं, एकदा तरी हात लावू देशील का.

तिसरा अंक. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. नायक म्हणजे आमच्याच गावचा दुकानदार, आवाज गोड, अगदी गोड, यात वाद नाही. त्याने पद घेतलं, वन्स मोर आला, त्याने पुन्हा घेतलं. पुन्हा वन्स मोर. मग कोणी न मागताच तो एकाच ओळीवर बसला आणि तिला कुरवाळू लागला. झोप येऊ नये म्हणून मी वेढे सोडून दोरी मनगटाला गुंडाळली होती. ऑर्गनचा भाता वरखाली होत होता, विंगेत पेट्रोमॅक्सचा आणि स्पिरिट गमचा वास, समोर घोंगड्या पांघरून बसलेले लोक, आणि ती ओळ...

बांबू आपटला तेव्हा मी जागा झालो. पडदा खाली. मनगटावरची दोरी कधी सुटली ते कळलंच नव्हतं, नुसती साल निघाली होती. मजा अशी की पडद्यामागून तान येतच राहिली. डोळे मिटून गाणाऱ्याला काय कळणार? तीन-चार सेकंद तो पडद्याला ऐकवत होता. मग ती तान अर्ध्यावर थांबली आणि सगळीकडे अशी शांतता झाली की तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही. आणि लोकांच्या पार मागच्या रांगेतून, अंधारातून, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

बाबांनी विंगेतच एक ठेवून दिली. पडदा परत वर गेला, नाटक संपलं, पुढच्या वर्षी दोरी दुसऱ्याकडे गेली. पण त्या पहाटे घरी येताना बाबा बॅटरी पायाशी धरून पुढे, मी मागे, वाटभर एक शब्द नाही. फाटकाची कडी काढताना म्हणाले, "सात वेळा घेतली त्याने ती ओळ. मीही मोजत होतो."

तर मायनर थ्रेटचं ते गाणं संपतं तेव्हा मला बांबू आपटल्याचा आवाज येतो. भाचीला हे सांगितलं नाही. तिने मला पुढचं लावून दिलं, मग पुढचं, आणि मे महिन्याच्या त्या सुट्टीत आमच्या दुपारी अशाच गेल्या.

गंमत म्हणजे 46 सेकंदांचं ते गाणं मी नशा करत नाही, एवढंच सांगणारं आहे. म्हणजे एवढा आरडाओरडा करून पोरगा सांगतोय काय, तर मला शुद्धीत राहायचंय. गोव्यात राहून न पिणाऱ्या माणसाचे हाल मला विचारा. पुण्याहून आलेले पाहुणे आधी विश्वास ठेवत नाहीत, मग कीव करतात. मी साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच माझ्या बाजूने कोणीतरी किंचाळताना ऐकलं. तिकडे वयाने लहान असलेल्या पोरांच्या हातावर क्लबवाले मार्करने फुली मारत, म्हणजे बारवर त्यांना दारू मिळू नये. या पोरांनी ती फुलीच मिरवायला घेतली. मी शब्दकोड्याच्या पेनने हातावर एक मारून पाहिली. काकीने विचारलं, शाई सांडली का.

ही पोरं आपल्या रेकॉर्डची कव्हरंसुद्धा घरी बसून कात्रीने कापायची, दुमडायची, गोंदाने चिकटवायची. त्यासाठी 1980 साली डिस्कॉर्ड नावाची स्वतःचीच कंपनी काढली, कारण दुसरं कोण काढणार त्यांची रेकॉर्ड? ब्लॅक फ्लॅग कॅलिफोर्नियाचा. त्यांच्या गिटारवाल्याचा रेडिओचे भाग विकायचा किरकोळ धंदा होता, त्याचंच नाव त्याने रेकॉर्ड कंपनीला दिलं. चार पट्ट्या काढल्या त्या त्याच्याच भावाने. पहिल्या रेकॉर्डवर चार गाणी, सगळी मिळून पाच मिनिटांच्या थोडी वर. आणि 1981 मध्ये आइस्क्रीमच्या दुकानात काम करणारा हेन्री रोलिन्स प्रेक्षकांतून उठून त्यांच्या स्टेजवर एक गाणं गायला, तो पुढे त्यांचा गायकच झाला. हे मला मुळीच नवल वाटलं नाही. आमच्याकडे नट आला नाही म्हणून लोकांतल्या माणसाला मिशी चिकटवून उभं केल्याच्या कथा प्रत्येक वाड्यावर आहेत.

बॅड ब्रेन्स या बॅण्डचं मात्र मला वाईट वाटतं, म्हणजे माझंच. चार काळी पोरं, आधी जॅझ-फ्यूजन वाजवणारी, म्हणजे हात तयार. 1982 मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला तो फक्त कॅसेटवर. पिवळं कव्हर, त्यावर अमेरिकेच्या संसदेच्या घुमटावर वीज पडतेय. सुसाट गाण्यांच्या मध्येच संथ रेगे, ऐकणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावं म्हणून असेल. त्या वर्षी आमच्या शेजारचा तार्वटी बोटीवरून सुट्टीला आला होता, बॅग भरून कॅसेटी घेऊन. वाड्यावरची सगळी पोरं त्याच्या सोप्यावर. निघाली ती बोनी एम. आम्ही महिनाभर तीच ऐकली. तक्रार नाही, पण त्या बॅगेत एक पिवळी कॅसेट असती तर?

नवीन बॅण्डांवरून मामा-भाचीचं वाजलं. मला टर्नस्टाइल आवडला, बाल्टिमोरचा, 2010 पासूनचा. त्यांच्या 2021 च्या अल्बमवर गुलाबी ढग आहेत आणि गाण्यात चक्क चाल आहे. भाचीने नाक मुरडलं. त्यांचे जुने दिवस वेगळे, आता ते सगळ्यांचे झाले, आता ते हार्डकोर राहिले का? हा सूर मी ओळखला. नाट्यपदात तान किती असावी यावर आमच्या देवळाच्या चौकात ज्या हाणामाऱ्या व्हायच्या त्यांतला हाच. लिंडा लिंडाज या चार मुली लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाचनालयात गायल्या, 2021 मध्ये. वर्गातल्या एका मुलाच्या वंशद्वेषी बोलण्यावरचं गाणं, मागे पुस्तकांची कपाटं, आणि ड्रमवर बसलेली पोर दहा वर्षांची. हे पण हार्डकोर नव्हे, पंक, असं मला बजावण्यात आलं. असेल. दहाव्या वर्षी माझ्याही हातात एक दोरी होती, आणि मी झोपलो होतो.

एकदाच तिला विचारलं, की हे सगळे एवढे रागावलेत कशावर? तिने मोबाईलवर शब्द काढून दिले. पोलीस, सरकार, शाळा, बाप, शेजारी, स्वतः. मी वाचत होतो आणि समोरच्या डोंगरावर जेसीबी चालू होता. त्याला दुपारची झोप नाही. मे लागल्यापासून तो डोंगराची एक बाजू खरवडतोय, हिरव्यात लाल मातीची जखम रोज हातभर रुंद होतेय. यावर गावात एक सभा झाली होती. मीही बोललो. शाल-श्रीफळाच्या भाषणासारखंच बोललो, आदरणीय व्यासपीठापासून सुरुवात करून, वीस मिनिटं. शेवटच्या वाक्याला आलो तेव्हा निम्मे लोक उठून गेले होते.

तेवढ्यात वायर कुठेतरी अडकली, इयरफोन मोबाईलमधून निसटला, आणि पडवीत पूर्ण आवाजात पत्रे कोसळले. आतून काकीचा आवाज आला, "कोण रे झगडटा?"

"कोण ना गे आजी," भाची ओरडली, "मामा गाणीं आयकता."

आत जरा वेळ काहीच नाही. आम्ही दोघेही मोबाईल बंद करायला धडपडत होतो. मग काकी म्हणाली, "मातसो आवाज वाडय. तो जेसीबी तरी आयकूंक येवचो ना."

वाढवला. बाहेर पदेर, म्हणजे पाववाला, सायकल थांबवून दोनदा पोंय पोंय करून गेला असावा, कोणाला ऐकू आलं नाही. चहाबरोबर त्या दिवशी कालचेच उंडे.