उणे १८.१

निकालांची फाइल दुपारी आली. रत्नागिरीच्या समुद्रातले वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, अकरा फिल्टरांवर गाळून घेतलेल्या. त्यांच्यातला जड कार्बन-१३ ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी, ते मोजलेलं. दहांचे आकडे उणे २१ च्या आसपास. अकरावा उणे १८.१.

आधी मी हरखलेच. प्लवक पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यांचं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) हलक्या कार्बन-१२ ला झुकतं माप देतं. वायू मुबलक असला की निवडीला वाव. दक्षिण महासागराच्या थंड पाण्यात तो भरपूर विरघळतो, म्हणून तिथले प्लवक उणे २८-३० पर्यंत उतरतात. टंचाई झाली की जड कार्बन-१३ सुद्धा घ्यावा लागतो आणि आकडा वर सरकतो. म्हणजे त्या दिवशी प्लवकांचा बहर होता, इतके वाढले होते की वायू पुरेना! डोक्यात अर्धा शोधनिबंध तयार झाला.

रात्री नायट्रोजनचा रकाना पाहिला. प्लवकांत एका नायट्रोजनमागे साडेसहा-सात कार्बन अणू असतात. इथे नऊ. बहर ओसरताना असंही होतं, पण मन मानेना. सकाळी प्रयोगशाळेतल्या मामांना विचारलं, "मामा, त्या आठवड्यात ओव्हनमध्ये आणखी काय होतं?"

"पीठ होतं की मॅडम. शेजारच्या डिपार्टमेंटचं. मालदांडी ज्वारीचं."

तिथेच हिशेब मांडला. फिल्टरवर जेमतेम २०० मायक्रोग्रॅम कार्बन, उणे २१ चा. ज्वारी उणे १२. पाव मिलिग्रॅम पीठ उडून बसलं की त्यातला १०० मायक्रोग्रॅम कार्बन सरासरी बरोबर उणे १८ वर आणतो. पिठात नायट्रोजन कमी, म्हणून ते नऊ.

ज्वारी वायू आधी दुसऱ्या विकराने पकडते, शिरांभोवतीच्या पेशींत कोंडते आणि मग रुबिस्कोपुढे ठेवते. कोंडलेल्यातलं फारसं बाहेर सुटत नाही, त्यामुळे रुबिस्कोला निवड उरत नाही. टंचाईतल्या प्लवकांचीही तीच गत. म्हणून तर पीठ हुबेहूब बहरासारखं दिसलं. तुरीत हे कोंडणं नाही. तिचं पीठ असतं तर आकडा खाली गेला असता आणि मी लगेच सावध झाले असते.

फिल्टर आम्ही ४५० अंशांवर चार तास भाजून घेतो. बोट लागू देत नाही, चिमट्यानेच उचलतो. शिंपल्यांचा चुना जावा म्हणून आम्लाच्या वाफेत कोंडतो. एवढं करून सुकवायला मात्र पंखेवाला सामाईक ओव्हन! वेगळा ओव्हन तीन वर्षं मागते आहे. ती मागणी चैन समजली जाते. मामांचा यात काही दोष नाही. ओव्हनला रजिस्टरच नव्हतं, आणि फिल्टर उघडे मीच ठेवले होते.

राखून ठेवलेला अर्धा फिल्टर पुन्हा पाठवला. उणे २१.२ आला.

मागच्या वर्षीच्या फिल्टरांत एक उणे १९.४ आहे. तेव्हा नायट्रोजन मोजला नव्हता, अर्धा फिल्टर राखला नव्हता, आणि पीठ कोणत्या आठवड्यात होतं हे कुणालाच आठवत नाही. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात तो आकडा बहर म्हणून गेला आहे. उद्या तिला फोन करायचा आहे.