फॉरमॅट मारला आणि कॉम्प्युटर पळायला लागला

काकूंची तक्रार नेहमीचीच. बटण दाबायचं आणि दुसरं काम हातात घ्यायचं, ते अर्धं होतं तोवर पडद्यावर चित्रं उमटतात. माऊस मध्येच गोठतो. लिहायला बसलं की अक्षरं उशिरा उठतात. काही महिन्यांपूर्वी एकाने फॉरमॅट मारून, म्हणजे जुनं विंडोज पुसून नवं टाकून दिला होता, तेव्हा छान पळत होता. "तसाच एकदा मारून दे, म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य सारखं ऐकावं लागतं आणि आमच्यातले बरेच जण ते आनंदाने ऐकतात. डोकं चालवावं लागत नाही, ग्राहक खूश, आपण मोकळे.

टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे मशीनचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. सीपीयू दहा टक्क्यांच्या आत, रॅम निम्मी रिकामी, डिस्क मात्र १०० टक्के. डिस्क १०० टक्के म्हणजे खूप काम करतेय, असं लोकांना वाटतं. खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग बघितला तर सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. सरासरी प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंदांत. चांगल्या हार्ड डिस्कला याला दहा-वीस मिलिसेकंद पुरतात. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे मारणारी तबकडी एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांत मारते, म्हणजे हवा तो सेक्टर (तबकडीवरचा साठवणीचा छोटा कप्पा) वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, अधिक हेड सरकायचा वेळ. यात हजारो मिलिसेकंद कुठून येणार? डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असेल, तरच. कॅबिनेटला कान लावला. खर्र, मग शांतता, मग पुन्हा तोच खर्र, त्याच लयीत.

त्यात भर म्हणून कुणीतरी टाकलेलं 'स्पीड बूस्टर' चालू होतं आणि ते रोज डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइलींचे तुकडे वाचून एकत्र लिहिण्याचं काम, करत होतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर रोज डीफ्रॅग! असली सॉफ्टवेअर मला घरगुती मशीनवर दिसली की संताप येतो. मी मशीन तिथेच बंद केलं आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून उठवलं, म्हणजे त्या डिस्कवर आणखी काही लिहिलं जाणार नाही.

स्मार्ट (SMART) नोंदी काढल्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतःच ठेवते त्या. सगळ्यात वर डिस्कचा स्वतःबद्दलचा निकाल: पास. खाली १९७ क्रमांकाची ओळ, म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर: १६८. पाच क्रमांकाची ओळ, बदली जागा दिलेले सेक्टर, तीही शून्य नव्हती. बऱ्याच डिस्कमध्ये १९७ ला मर्यादाच शून्य ठेवलेली असते, म्हणजे ती कधी ओलांडलीच जात नाही, त्यामुळे तो आकडा कितीही चढला तरी 'पास' ढळत नाही. जो फक्त वरचा शब्द वाचून उठतो, तो फसतो.

"मग मागच्या वेळी फॉरमॅटने बरं कसं वाटलं?" काकूंनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. खराब सेक्टर वाचताना डिस्क अडून बसते, पण त्याच जागी नवं काही लिहायला घेतलं की ती ठरवून टाकते: लिहिलं गेलं तर ठीक, नाहीतर त्या सेक्टरच्या बदल्यात राखीव साठ्यातला दुसरा देते. विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्हवर भरपूर लिहिलं जातं, म्हणून तिथले अडथळे तेवढ्यापुरते मिटतात आणि मशीन खरंच पळतं. तबकडीचं झिजणं मात्र चालूच राहतं. शिवाय सिस्टिमच्या इव्हेंट लॉगमध्ये 'बॅड ब्लॉक'च्या ज्या नोंदी साचलेल्या असतात, त्याही फॉरमॅटबरोबर पुसल्या जातात. दुखणं तसंच आणि त्याचे कागद जाळलेले.

काकूंच्या आठवणींचं पुस्तक डी ड्राइव्हवर होतं. कित्येक वर्षं टाइप केलेलं. दुसरी प्रत कुठेच नाही.

खराब डिस्कवरचा डेटा उचलणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम रात्रभर लावला. हे माझं सगळ्यात आवडतं हत्यार. आधी सोपा भाग भराभर उचलतं, अडलं की ती जागा नकाशाच्या फाइलमध्ये टिपून पुढे उडी मारतं आणि कठीण जागांशी झटापट शेवटी करतं. साधं कॉपी-पेस्ट पहिल्याच खराब सेक्टरवर डोकं आपटत बसलं असतं. सकाळी काही केबी वाचायचे राहिले होते. ते कोणत्या फाइलींचे, हे शोधायची युक्ती त्यातच आहे: नव्या प्रतीत न वाचलेल्या जागी ठरावीक खुणेचा मजकूर भरायचा आणि मग कोणत्या फाइलींत ती खूण सापडते ते बघायचं. काही फोटो, विंडोजच्या काही फाइली आणि पुस्तकाची एक जुनी प्रत. चालू प्रत शाबूत होती. ती उघडून शेवटच्या पानापर्यंत खाली नेऊन दाखवली, तेव्हा काकूंनी खुर्ची जवळ ओढली आणि वाचायलाच लागल्या.

नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, विंडोज ताजं टाकलं, डी ड्राइव्हचा डेटा तिथे नेला, एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. प्रोसेसर तोच, रॅम तीच, आणि डेस्कटॉप काही सेकंदांत.

आधीच्या माणसाचा नंबर काकूंकडे होता. मी फोन केला. भांडायला नव्हे, त्याने स्मार्ट नोंदी पाहिल्या होत्या का, एवढंच विचारायला. "ग्राहकाला स्पीड हवा होता, मी स्पीड दिला," तो म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी म्हटलं, नोंदी बघायला दोन मिनिटं लागतात. "बघितल्या असत्या तर डिस्क बदला म्हणावं लागलं असतं. लोकांना वाटतं आपण उगाच खर्चात पाडतोय."

हेही खरं आहे. मलाही लोक तसंच म्हणतात. पण मी डिस्क बदला असं सांगतो, आकडा दाखवतो, आणि नको म्हणाले तर फॉरमॅट न मारता परत येतो. त्याला ते पटलं नाही.