तिकडे ‘पार्सल’ पोस्टाने येतं

लंडनच्या कॅफेत काउंटरवर सँडविच ठेवलं की पैसे घ्यायच्या आधी प्रश्न येतो, ‘ईट इन ऑर टेक अवे?’ आपल्या सवयीने ‘पार्सल’ म्हणालात तर समोरचा बुचकळ्यात पडतो. ‘ईट इन, प्लीज’ किंवा ‘टेक अवे, प्लीज’, एवढंच पुरे.

हा प्रश्न नुसता पिशवी द्यायची का, यासाठी नसतो. थंड सँडविच बाहेर नेलं तर त्यावर व्हॅट शून्य, तेच आत बसून खाल्लं तर २० टक्के. म्हणून काही ठिकाणी पाटीवर एकाच सँडविचचे दोन भाव दिसतात. गरम करून दिलेलं टोस्ट सँडविच आणि गरम कॉफी मात्र आत प्या-खा की बाहेर न्या, कर तोच. ‘टेक अवे’चे पैसे देऊन टेबल पकडलं तर हटकतात, आणि ते बरोबरच आहे. बसायचं मनात आलं तर आधी काउंटरवर सांगावं. टेम्सच्या काठी बाकं भरपूर आहेत, त्यामुळे ऊन असेल तर मी थंड सँडविच बाहेरच नेते.

फिश अँड चिप्सच्या दुकानात प्रश्न वेगळा: ‘ओपन ऑर रॅप्ड?’ चालता चालता खायचं असेल तर ‘ओपन’, खोलीवर न्यायचं असेल तर ‘रॅप्ड’. गुंडाळलेल्या चिप्स वाफेने मऊ पडतात, तेव्हा खोली लांब असेल तर ‘ओपन’ सांगून तिथेच संपवाव्यात. मग मीठ आणि व्हिनेगर विचारतात. एडिनबरात मात्र ‘सॉल्ट अँड सॉस?’ हा सॉस म्हणजे केचप नव्हे, पातळ, तपकिरी, आंबट प्रकार असतो. स्कॉटलंडमध्ये आत बसणं म्हणजे ‘सिट इन’, बाहेर नेणं ‘कॅरी आउट’. दुकानातून घरी न्यायच्या दारूलाही तिथे ‘कॅरी आउट’च म्हणतात, तेव्हा तुमचं ‘कॅरी आउट’ ऐकून कुणाला हसू आलं तर कारण ते!

न्यूयॉर्कला ‘फॉर हिअर ऑर टू गो?’ हे पाच शब्द एका दमात, एकच शब्द असल्यासारखे येतात. कळलं नाही तरी नुसतं ‘येस’ म्हणू नका, पुन्हा तोच प्रश्न येतो. बसून खायचं तर ‘फॉर हिअर’, न्यायचं तर ‘टू गो’ म्हणा. फोनवर मागवून स्वतः आणायला जाणार असाल तर अमेरिकेत ‘पिकअप’, ब्रिटनमध्ये ‘कलेक्शन’. ताटात उरलेलं न्यायचं असेल तर ‘कॅन आय गेट अ बॉक्स?’ डबा बहुतेकदा टेबलावर आणून देतात, भरायचा आपणच.