नोटरीने विचारलं, ‘फ्लॅट कुणाच्या नावे?’

सासूबाई आयसीयूत तेवीस दिवस होत्या. आठवड्याभरातच डॉक्टरांचा सूर ‘प्रयत्न चालू आहेत’ वरून ‘तुम्ही घरचे काय ते ठरवा’ वर आला. ठरवायचं कुणी? नवरा म्हणे दादाला विचारा, दादा म्हणे ताईला नागपूरहून येऊ दे. ताई आल्या, काचेतून बघितलं आणि म्हणाल्या, ‘माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.’ सासूबाई नाकातली नळी ओढायच्या म्हणून त्यांचे हात गॉजच्या पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधले होते. मनगटावरचा तो पांढरा वळ शेवटच्या दिवशीही दिसत होता.

मला साठ लागली तेव्हा स्वतःचं लिव्हिंग विल, म्हणजे आपल्याला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद, करायला घेतलं ते त्या मनगटामुळे.

दयामरणाचा वाद मला नवा नाही. बालपण परळच्या चाळीत गेलं. शेजारच्या सिंधूमावशी तिथल्याच केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स. 1973 च्या नोव्हेंबरात त्यांच्याबरोबरची नर्स अरुणा शानबाग हिच्यावर हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि ती पुन्हा भानावर आलीच नाही, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मोठी माणसं दार लोटून बोलायची, एवढंच आठवतं. पुढे मे 2015 मध्ये ती जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षं, केईएमच्या नर्सनी तिला सांभाळलं. तिला असं जगवत ठेवू नये म्हणून पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. 2011 मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या माणसांचा असं म्हटलं, आणि त्याच निकालात हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवायची वाटही उघडली. त्या दिवशी केईएममध्ये मिठाई वाटली गेली.

सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालाने आपण शुद्धीत असतानाच कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवायची सोय झाली, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही हवी होती. कोण जाणार कोर्टात? जानेवारी 2023 मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

मसुदा मी मराठीत लिहिला. पहिलंच वाक्य, ‘मला व्हेंटिलेटर लावू नये.’ आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, ‘उद्या साधा न्यूमोनिया झाला, चार दिवस मशीन लावून तुम्ही घरी चालत येणार असाल, तरी नको?’ मग दोघांनी बसून लिहिलं: आजार बरा होण्याची शक्यता उरली नसेल आणि मला स्वतःला सांगता येत नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न नको, वेदना थांबवायची औषधं मात्र द्यावीत. हात बांधू नयेत, हे मी हट्टाने वेगळ्या ओळीत घातलं.

माझ्या वतीने बोलायला मुलाचं आणि भाचीचं नाव दिलं. नवऱ्याचं नाही. तो ऐन वेळी विरघळेल. दोन दिवस रुसला होता, मग म्हणाला बरं केलंस.

साक्षीदार म्हणून मला सिंधूमावशी हव्या होत्या. चक्क नाही म्हणाल्या. ‘आमच्या अरुणाच्या पाठीला एक व्रण येऊ दिला नाही आम्ही. तिने काय लिहून दिलं होतं?’ मी म्हटलं, मावशी, तिला तुम्ही होता. माझ्या वाट्याला दर आठ तासांनी बदलणारी माणसं येणार. त्यांनी चहा दिला, सही दिली नाही. अखेर सोसायटीचे सेक्रेटरी आणि ऑफिसातली जुनी मैत्रीण आले.

मुलाचं म्हणणं वेगळंच. नेदरलँड्सप्रमाणे डॉक्टरने सरळ इंजेक्शन दिलं तर काय बिघडतं? आपल्याकडे तो गुन्हा आहे, आणि खरं सांगू, मला ते बरंच वाटतं. ठाकूरद्वारच्या एका म्हाताऱ्या जोडप्याने, धडधाकट असताना, राष्ट्रपतींकडे इच्छामरण मागितलं होतं. त्यांची त्यांना मुभा असावी, हे पटतं. पण ज्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिथे म्हातारीची ‘इच्छा’ कुणाची असेल, सांगता येत नाही.

माझा संशय फार चुकीचा नसावा. नोटरीने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, ‘फ्लॅट कुणाच्या नावे?’ मृत्युपत्र नव्हे, हे समजावण्यात अर्धा तास गेला. निकालाची प्रिंट नेली होती म्हणून निभावलं.

माझ्या शब्दाने लगेच प्लग निघत नाही, हेही त्यांना सांगितलं. आधी उपचार करणारे डॉक्टर धरून तिघांचं मंडळ, मग आणखी तिघांचं दुसरं, त्यात एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. शिवाय मॅजिस्ट्रेटला कळवायचं. हे सगळं मला पाळायचं नाही, हॉस्पिटलला पाळायचंय. म्हणाले, ‘मग ठीक,’ आणि शिक्का मारला.

एक प्रत महापालिकेत द्यायची. ती तिथे सांभाळायला अधिकारी नेमावा म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले होते, तेव्हा कुठे नेमणुका झाल्या. वॉर्ड ऑफिसात मला जन्म-मृत्यूच्या खिडकीवर पाठवलं.

‘मृत्यू कुणाचा?’

‘माझा. अजून झाला नाही.’

बाईंनी मान वर करून नीट पाहिलं, मग आरोग्य खात्यात पाठवलं. तिथून परत आवक-जावकला. तिसऱ्या फेरीत एका तरुण कारकुनाने कागद पूर्ण वाचला, फोन लावून विचारलं आणि प्रत घेतली. पोच मिळाली. विषयाच्या रकान्यात लिहिलंय, ‘इच्छेबाबत’.

मुलाने तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला. लाइट बिल आणि गॅसच्या पावत्यांच्या फोल्डरमध्ये.