मुंबईत नोकरी करून आलेली

दुपारी अडीचच्या सुमाराला आमच्या गल्लीत भंगारवाला येतो. पूर्वी तो स्वतः ओरडायचा. आता हातगाडीला भोंगा बांधलाय, त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज भरलेला आहे, आणि हा आपला कडुनिंबाखाली निवांत बसलेला असतो. आज त्याला मूठ तुटलेला कुकर दिला. त्याने तो ताणकाट्याला अडकवला, काटा थांबायच्या आत उतरवला (ही त्यांची विद्या) आणि शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "राहू द्या ताई, नव्याला होईल."

शिट्टी मुठीत धरून जिना चढताना मला न्यूयॉर्कचं एक भंगाराचं आवार आठवलं. मी न्यूयॉर्कला गेलेले नाही आणि मला गाडीही चालवता येत नाही. पण जुन्या गाड्यांच्या कुळकथा वाचायचं वेड आहे. पहिला मालक कोण, कुणाकडून कुणाकडे गेली, मूळ रंग कुठला. पूर्वी सोयरीक जमवताना करायचे तशी सगळी चौकशी.

त्या आवारात एके काळी एक गाडी येऊन पडली होती. तिचं नाव बुगाटी रोयाल. एत्तोरे बुगाटीने ती राजेमहाराजांसाठी काढली होती. लांबी साधारण ६.४ मीटर, इंजिन पावणेतेरा लिटरच्या आसपास. आमच्या घरच्या फियाटची जवळजवळ बारा इंजिनं त्यात बसली असती. रेडिएटरच्या टोपणावर सोंड उंचावून मागच्या पायांवर उभा राहिलेला चांदीचा हत्ती. हा हत्ती एत्तोरेच्या धाकट्या भावाने घडवलेला, आणि भाऊ गाडी तयार होण्याच्या दहा वर्षं आधीच गेलेला. अशा २५ गाड्या करायचा बेत होता. मग जगभर मंदी आली. झाल्या सहा, खपल्या तीन, आणि गिऱ्हाइकांत राजा एकही नाही. उरलेली इंजिनं शेवटी फ्रान्सच्या रेल्वेगाड्यांना बसवली.

त्या तिघांतला एक जर्मनीतला बाळंतपणं करणारा डॉक्टर. १९३२ साली त्याने म्युनिकच्या कारागिराकडून गाडीला उघड्या टपाची बॉडी बांधून घेतली. रंग काळा, त्यात पिवळा.

म्हणजे काळी-पिवळीच की! हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते.

कारण आमची फियाटही तीच. बाबांनी ती नाशकात जुनी घेतली तेव्हा पांढरी, म्हणजे दुधात चहा सांडल्यासारखी पांढरी होती. पण टपाच्या कडेची पन्हळ नखाने खरवडली की खालून पिवळा निघायचा. हा शोध मी तिसरीत असताना लावला आणि मोठ्या अभिमानाने सगळ्या वाड्याला दाखवला. बाबा तेवढंच म्हणाले, "मुंबईत नोकरी करून आलीय ती. आता निवृत्तीचं गाव म्हणून नाशिक."

तर, डॉक्टरसाहेबांनी नाझींचा जर्मनी सोडला आणि शांघायमार्गे अमेरिका गाठली. गाडीही मागोमाग गेली. न्यूयॉर्कच्या एका हिवाळ्यात तिच्यातलं पाणी काढून ठेवायचं राहिलं. ते गोठलं, फुगलं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला. एवढी थोरली गाडी, घात केला साध्या पाण्याने. तिची रवानगी भंगारात झाली. १९४३ साली, म्हणजे युद्धापायी लोखंडाचा तुकडा न तुकडा वितळवत होते त्या दिवसांत, जनरल मोटर्सच्या चार्ल्स चेन नावाच्या इंजिनिअरने ती तिथून ४०० डॉलरना उचलली. युद्ध संपल्यावर दुरुस्त केली. एका कार्बोरेटरच्या जागी चार बसवले, ब्रेक बदलले आणि काळी-पिवळी पुसून गाडी पांढरी केली. इथे माझा विरस होतो. त्याने ती वाचवली, मान्य. मरणाच्या दारातून आणलेल्या माणसाला निदान त्याचे कपडे तरी परत द्यावेत! आज ती डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, पांढरीच.

तिच्या दोन बहिणींची गोष्ट आणखी न्यारी. युद्धात जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून त्या भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या. पुढे एत्तोरेच्या मुलीने, १९५०च्या सुमाराला, त्या एका अमेरिकन शौकिनाला दिल्या. थोडी रक्कम आणि वर दोन नवेकोरे फ्रीज! चक्क बोहारणीचा व्यवहार. त्यांतलीच एक १९८७ साली लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंडांना गेली. माझी आई बोहारणीशी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायची, तिला हे कळलं असतं तर तिने नक्की विचारलं असतं, फ्रीज केवढे होते?

आमच्या फियाटला कुणी फ्रीज देऊ केला नाही. कसारा घाटात ती हमखास तापायची. मग बाबा बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून, तोंड लांब धरून झाकण फिरवायचे. भस्सकन वाफ. आम्ही दोघं भावंडं कॅन घेऊन पाणी शोधायला. तिला पाणी पाजण्यातच आमच्या निम्म्या सहली गेल्या.

शेवटी ती भंगारातच निघाली. भंगारवाल्याचा टेम्पो दहाला येणार होता. बाबा सहालाच उठले आणि रेडिएटरच्या खालचा कॉक सोडून बसले. गंजाचं तांबडं पाणी फाटकापर्यंत ओघळत गेलं. आई म्हणाली, "अहो, कापायलाच नेतायत ना तिला?" बाबांनी कॉक परत घट्ट केला, वरचं झाकण पुसून लावलं आणि आत हात धुवायला गेले.